ताई, कॅम्प म्हणजे रजा नाही

ताई, तुमची कमेंट दोनदा वाचली. टेरिटोरियल आर्मी, म्हणजे नोकरी सांभाळून दरवर्षी ट्रेनिंग कॅम्पला जाणाऱ्या सैनिकांचं दल, त्यावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय की माझ्यासारखे सरकारी नोकर, म्हणजे 'हौशी सैनिक', वर्षातले दोन महिने पगारी सुट्टीवर जातात, वर आर्मीचाही पगार घेतात आणि मागे राहिलेल्यांनी त्यांची टेबलं सांभाळायची, आणि तुमच्या शेजारच्या टेबलाचं सध्या असंच चाललंय. तुमचा राग मला पटतो, त्यावर येतोच, पण आधी पगाराचं सांगतो.

दोन पगार मिळत नाहीत हो. आम्हा केंद्राच्या नोकरांना कॅम्पच्या काळात आर्मीचा पगार मिळतो आणि नोकरीतला पगार जास्त असेल तर वरचा फरक तेवढा मिळतो, बस्स. आणि सुट्टी म्हणाल तर पहाटे साडेचारला उठून खंदक खणायचा, तळहाताला फोड आले की त्याच हाताने रायफलची नळी चिंधीने पुसायची, ती चिंधी पांढरी निघेपर्यंत शिकवणारा उस्ताद सोडत नाही.

माझ्या ऑफिसलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. पहिल्याच वर्षी क्लार्कने कॅम्पचे 30 दिवस सरळ ईएलमधून, म्हणजे माझ्या अर्जित रजेतून कापले, मला पत्ताच नाही. पुढे वडिलांना अॅडमिट केलं, रजा मागायला गेलो तर सर्व्हिस बुकात शिल्लक जवळपास शून्य! आमच्या बटालियनच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचं पत्र जोडून दोन अर्ज दिले तेव्हा कुठे ती नोंद खोडून ते दिवस ड्यूटी म्हणून लागले, तोवर वडील घरी आले होते आणि रात्री त्यांच्याजवळ धाकटा भाऊ बसला, मी नाही. ते अजून डाचतं.

ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. 1948 च्या टेरिटोरियल आर्मी अॅक्टच्या कलम 7अ प्रमाणे बोलावणं आलेल्या माणसाला परत आल्यावर आधीपेक्षा कमी नाही अशा अटींवर कामावर घ्यावंच लागतं, नाहीतर सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई बसू शकते. कलम 6अ तर सांगतं की 20 ते 40 वयाच्या सरकारी नोकराला गरज पडली तर भरती व्हायला लावताही येतं. मे 2025 मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीतल्या प्रत्येकाला बोलवायचा अधिकार दिला तेव्हा आमच्या घरी बॅग भरलेलीच होती.

आणि 'हौशी सैनिक' हा शब्द तेवढा मागे घ्या ताई, प्लीज. जून 2022 मध्ये मणिपूरला नोने जिल्ह्यात रेल्वेच्या कामावर पहाऱ्याला असलेल्या 107 बटालियनच्या कॅम्पवर रात्री डोंगर कोसळला, किती जवान झोपेतच गेले. ते टेरिटोरियल आर्मीचेच होते.

आता तुमचा राग. तो शंभर टक्के रास्त आहे. मी परत येतो तेव्हा फायलींवर शेजारच्या मॅडमची पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी असते, 'ही झाली, ही तुझी'. त्यांना त्याचा एक रुपया मिळत नाही, कुठे नोंदही नाही. चूक आहे ती ऑफिसची, कारण कॅम्पचं पत्र आधी येतं, अचानक काही होत नाही. पुढच्या वेळी पत्र आलं की शेजारच्याला सोबत घेऊन साहेबांकडे जा आणि टेबलाचा चार्ज कोणाकडे ते लेखी मागा. त्यांनाही ते हवंच असेल, मला तर हवंच होतं. अर्जाचा मसुदा लागला तर इथेच सांगा, मी करून देतो.