साइज जुळली म्हणून टायर जुळला असं नाही

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की टेम्पोवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्याच ड्रायव्हरकडून. वर मथळा, 'टायरवाल्यांच्या बोलण्याला भुलू नका'. खाली पाच सल्ले: साइज तीच असेल तर कुठलाही टायर चालतो. प्लाय जास्त तो टायर दणकट. माल जादा असेल तर दहा पौंड हवा जादा मारा. मागे चार टायर असले की भाराची काळजी नको. आणि जाड टायर टाकून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले की गाडी एक टन जादा उचलते. शेवटी टायरची तारीख कशी वाचायची तेही दिलंय.

तारखेचं तेवढं बरोबर आहे. बाजूवर कोरलेले चार आकडे, उदाहरणार्थ १४२४, म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा. बाकीच्या सल्ल्यांनी मात्र घाटात माणूस गोत्यात येईल. मी रत्नागिरी-लांजा पट्ट्यात चिरा (बांधकामाचा जांभा दगड) आणि आंबा वाहतो, आणि यातला पहिला सल्ला मी स्वतः पाळून बसलोय.

लहान चारचाकी टेम्पोचे मागचे दोन टायर गेले होते. दुकानदार म्हणाला, "साइज तीच आहे, पैसेपण वाचतील." खरंच, रिमवर टायर चपखल बसला. जुन्यावर होतं '१५५ आर १३ एलटी, ९०/८८'. नव्यावर '१५५/८० आर १३, ७९ टी'. ते शेवटचे आकडे मी वाचलेच नाहीत. ते किलो नसतात, सांकेतिक असतात. ९० म्हणजे एका टायरला ६०० किलो आणि ७९ म्हणजे ४३७. मला दिलेला टायर मोटारीचा होता. मागच्या दोन चाकांची मिळून ताकद १२०० किलोंवरून ८७४ वर आली, आणि मी नेहमीसारख्या ३५ पेट्या भरल्या. पाच डझनी पेटी धरा वीसेक किलोची, म्हणजे ७०० किलो झाले. त्यातलं बहुतेक वजन मागच्याच एक्सलवर येतं, शिवाय रिकाम्या गाडीचं मागचं साडेतीनशेच्या आसपास वजन आहेच. हातखंब्याला चहाला थांबलो तेव्हा डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला दिसला. स्टेपनी जुनीच, एलटीची होती, म्हणून निभावलं.

तेव्हा 'एलटी' (लाइट ट्रक) किंवा 'सी' (कमर्शियल) हे अक्षर आणि त्याच्याजवळचा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना टायर घासून आकडा दिसत नसेल तर गाडीच्या पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बघा. जुन्याएवढा किंवा त्याहून मोठा आकडा चालेल, कमी नको.

प्लायची गंमत वेगळी आहे. पूर्वी टायरच्या आत सुती कापडाचे थर असत आणि ते मोजून ताकद सांगत. आता १६ पीआर (प्लाय रेटिंग) म्हणजे आत सोळा थर, असं नाही. स्टील रेडियलची बाजू नीट वाचलीत तर तिथेच कोरलेलं सापडेल की बाजूच्या भिंतीत स्टीलचा एकच थर आहे. पीआर हा नुसता दर्जा झाला. एकाच साइजमध्ये १६ पीआर हा १४ पेक्षा वरचा, एवढं त्यावरून कळतं. वेगळ्या साइजचा १६ पीआर आणि तुमचा १६ पीआर यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

हवेचा सल्ला सगळ्यात जास्त चालतो आणि सगळ्यात उलटा आहे. टायरवर कमाल भार लिहिलेला असतो तो ठरावीक पौंडाला, आणि टायर थंड असताना. हवा त्याहून कमी असेल तर ताकदही कमी, हे खरं. पण त्याच्या वर हवा मारून ताकद वाढत नाही. फक्त टायर ताठ होतो, मधली नक्षी झिजते आणि खड्ड्याचा दणका थेट टायरच्या सांगाड्याला बसतो. मुंबई-गोवा हायवेवर खड्डा शोधायला लांब जावं लागत नाही. याच्या उलटी खोडही आहे: एप्रिलच्या दुपारी टायर तापला म्हणून हवा सोडणं. तापल्यावर दाब वाढणारच, तो तसाच राहू द्या. सोडलीत तर टायर निवल्यावर हवा कमी भरते आणि पुढच्या फेरीला तो जास्त दबून जास्त तापतो.

आता मागचे चार टायर, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोनाची जोडी. '१२२/११८' असे दोन आकडे असतात, त्यातला पहिला एकट्या टायरचा, दुसरा जोडीतल्या टायरचा. १२२ म्हणजे १५०० किलो, ११८ म्हणजे १३२०. जोडीत ताकद कमी का धरतात? कारण जोडी कधीच सारखा भार उचलत नाही. रस्ता कडेला उतरता असतो, आतल्या टायरला वारा लागत नाही, त्याची हवा बघायचा आपण कंटाळा करतो, टॉमीने (लोखंडी दांड्याने) एक ठोका मारला की झालं. एक नवा आणि एक झिजलेला टायर शेजारी लावला तर उंच असतो तोच बिचारा सगळं ओझं घेतो. म्हणून चार टायरचे ६००० नाहीत, ५२८० किलो धरायचे. मेसेजवाला मधले ७२० किलो कुठून आणणार?

आणि जोडीतला एक बसला तर? आमच्या सहाचाकी टेम्पोत चिरे भरले की मागच्या एका बाजूवर २३५० किलो येतात. आतला टायर पंक्चर झाला तर ते सगळं १५०० च्या एका टायरवर. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही, गाडी चालतच राहते. भोस्ते घाट उतरताना हे झालं तर वर ब्रेकची उष्णताही आलीच.

मोठ्या ट्रकवाल्यांनीही हाच हिशेब करावा. २०१८ च्या जुलैत चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. पण टायरवर १४६/१४३ असेल तर जोडीत एकाला २७२५ किलो, चौघांचे १०.९ टन. कायद्याने एक्सलची मर्यादा वाढवली, टायरवरचा आकडा होता तिथेच राहिला.

पाटे वाढवून गाडी दबायची थांबते, एवढंच. टायर, ब्रेक आणि एक्सल जुनेच असतात. आरसी बुकातलं एकूण वजनही वाढत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ खाली जादा भाराला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि माल उतरवायचा खर्चही आपलाच.

आपल्याकडे खरी अडचण अशी की माल किलोवर भरतच नाहीत. पेट्या मोजतात, चिरे मोजतात. म्हणून मी एकदा भरलेली गाडी काट्यावर नेली. आधी नुसती पुढची चाकं चढवून वजन घेतलं, मग पूर्ण गाडीचं. वजाबाकी केली की मागचा एक्सल कळतो. मे महिन्यात १३० चिऱ्यांनी गाडी ७३०० किलो भरली. आरसीवर ७४९०. आगोटीच्या तोंडाला दोन सरी पडून गेल्यावर तेच १३० चिरे, तीच गाडी, आणि काटा ७५६०. जांभा पाणी पितो. तेव्हापासून पाऊस लागला की आम्ही १२० च भरतो, आणि चिरेखाणवाला दर खेपेला विचारतो, "दहा चिरे कमी का रे?"