‘छत गळतंय आणि पोरं नासाला’: एका फॉरवर्डची उलटतपासणी

2025 साली पुणे जिल्हा परिषदेने आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीने सहावी-सातवीच्या मुलांच्या टप्प्याटप्प्याने परीक्षा घेतल्या आणि त्यातून 25 जणांना नासा, तर 50 जणांना इस्रो दाखवायचं ठरवलं. तेव्हापासून एक मजकूर शब्द इकडचे तिकडे होऊन फिरतो आहे: ‘शाळांची छतं गळतात, संडासाला दारं नाहीत, आणि आपल्या करातून पोरं विमानात. तेवढ्या पैशात शाळा सुधारल्या असत्या. व्हिडिओ दाखवला असता तरी भागलं असतं. खरी मजा साहेबांची.’ एका दमात वाचला की पटतो. एकेक वाक्य सुटं करून बघू.

‘तेवढ्या पैशात शाळा सुधारल्या असत्या.’

बातम्यांत खर्चाचा आकडा दोन-सव्वादोन कोटींचा आला. पुणे जिल्हा परिषदेच्या शाळा साडेतीन हजारांच्या वर आहेत. भागाकार केला तर शाळेच्या वाट्याला साडेसहा हजारही येत नाहीत. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या निकषांत 30 पर्यंत पट असलेल्या सगळ्यांत लहान शाळेलाही वर्षाचं अनुदान 10,000 रुपये धरलेलं आहे. 31 ते 100 पटाला 25,000 आणि 101 ते 250 ला 50,000. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. म्हणजे सहल रद्द करून जे वाटता येईल, त्याहून जास्त रक्कम निकषात आधीच आहे, आणि तरीही दारं मोडकीच आहेत. का, ते बघायला हवं.

संडासाचं पत्र्याचं दार खालून गंजतं. धुतलेलं पाणी उंबऱ्याशी साचतं, कारण बांधताना फरशीला उतार दिलेला नसतो. नवं दार बसवलं तरी दोन-तीन पावसाळ्यांत तीच गत. आधी उतार काढायचा, दार जमिनीपासून चार बोटं वर घ्यायचं, मग बिजागरी. गवंड्याचं दीड दिवसाचं काम आहे. पैसा कुठून? पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या ग्रामपंचायतींसाठीच्या निधीपैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले होते, आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचा संडास बसतो. तो आराखड्यात आला की नाही, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जण ग्रामसभेला बसतात, कोण जाणे.

छताचं दुखणं वेगळं. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या साखळीत एक कडी अडली की काम मार्चअखेरीत ढकललं जातं. मग घाईने बिलं निघतात. जूनच्या पहिल्या सरीला छत पुन्हा टपकतं, कारण जुना थर न खरवडता वरूनच डांबरी लेप मारलेला असतो.

इथे एक आक्षेप मात्र खरा आहे. पैसे साडेतीन हजार शाळांत न वाटता एकवटले, खोलीमागे दहा-बारा लाख धरले, तर वीसेक वर्गखोल्या उभ्या राहतील. कुणी ‘आमच्या तालुक्यातल्या या वीस खोल्या आधी’ अशी यादी पुढे ठेवली, तर ती भांडण्यालायक मागणी आहे. फॉरवर्डमध्ये यादी नाही.

‘व्हिडिओ दाखवला असता तरी भागलं असतं.’

माणसांना चंद्राकडे नेणारं सॅटर्न-5 रॉकेट 111 मीटर उंच होतं. फळ्यावर हा आकडा लिहिला जातो, पाठ होतो आणि पुसला जातो. फ्लोरिडातल्या नासाच्या केनेडी केंद्राच्या प्रेक्षक संकुलात ते आडवं ठेवलंय. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जावं लागतं. अटलांटिस हे अवकाशात जाऊन आलेलं यान तिथेच आहे, त्याच्या उष्णतारोधक फरशा जवळून दिसतात. हा फरक आहे, पण तो 25 जणांपुरता. योजनेचं खरं काम परीक्षेत होतं: ज्या मुलांना विमान दिसणारही नाही, तीही विज्ञानाची पुस्तकं उघडतात. म्हणून सहलीची किंमत 25 ने भागणं चुकीचं आहे.

कौतुकाच्या पोस्टही दुरुस्त करायला हव्यात. ‘नासाने निवड केली’ हे खोटं आहे. निवड जिल्हा परिषदेने केली. केनेडीचं प्रेक्षक संकुल तिकीट काढणाऱ्या कुणालाही खुलं आहे. मुलांना खोटं बिरुद चिकटवलं की पुढे त्यांनाच खुलासा करत बसावं लागतं.

‘खरी मजा साहेबांची.’

शंका रास्त आहे. म्हणून सोबत जाणाऱ्यांची यादी पदनामासह आणि खर्चासह जाहीर हवी. पण मोठी माणसं लागतातच. एक मूल आजारी पडून दवाखान्यात राहिलं, तर एक मोठा तिथे अडकतो. मुलगी असेल तर बाई शिक्षिका लागते. 25 मुलांमागे चार मोठ्यांखाली जाऊ नये. दहा झाले, तर मात्र विचारा.

‘गरिबाच्या पोराचं कसलं आलंय परदेश.’

हे वाक्य काही पोस्टमध्ये उघड असतं, बाकीच्यांत दडलेलं. आंध्र प्रदेशाने सप्टेंबर 2023 मध्ये सरकारी शाळांतल्या 10 मुलांना न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात नेलं होतं. खुद्द वॉशिंग्टन शहराच्या सरकारी शाळा 2016 पासून आठवी आणि अकरावीची मुलं घरून पैसे न घेता परदेशी नेत आल्या आहेत.

खरी अडचण गरिबीपेक्षा कागदांची. शाळेच्या जनरल रजिस्टरला आडनाव आधी, आधारवर शेवटी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्मनोंद दुसऱ्याच जिल्ह्यात, आणि तिथे बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. हे जुळवल्याशिवाय पासपोर्टचा अर्ज पुढे सरकत नाही. अल्पवयीनाच्या पासपोर्टची फी 1,000 रुपये, सोबत परिशिष्ट ‘डी’वर आईवडिलांच्या सह्या, मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी ते. अमेरिकेच्या व्हिसाला प्रत्येक मुलाचा डीएस-160 अर्ज आणि 185 डॉलर; नकार आला तरी फी परत नाही. 2 सप्टेंबर 2025 पासून चौदाच्या आतल्या मुलांनाही मुलाखतीतून सरसकट सूट राहिलेली नाही.

त्यामुळे पुढच्या खेपेला निकालाच्या दिवशीच पाचसहा मुलांची प्रतीक्षा यादी लावावी आणि त्यांचेही पासपोर्ट काढून ठेवावेत. जन्मनोंदींची तपासणी तर पहिल्या फेरीनंतरच सुरू करावी; कोरा रकाना भरून घ्यायला आजोळच्या ग्रामपंचायतीत दोन खेपा तरी होतातच.