‘पैसे घेतले, माणसे मात्र बाहेरच’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

एकच स्टार पाहून वाईट वाटले, पण तक्रार मुद्द्याची आहे. तुमचे म्हणणे असे: बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) तुमच्या कंपनीत आम्ही व्हिडिओ मीटिंगची सगळी व्यवस्था लावून दिली, तरी तिमाही बैठकीत हलोल प्लांटची निम्मी मंडळी बाहेर ताटकळली, हॉलमध्ये आवाज घुमला, रेकॉर्डिंगही मिळाले नाही. आणि गूगल मीट फुकट असताना आम्ही पैसे कशाचे घेतले?

ताटकळण्याचे आधी सांगतो. तुमच्या प्रत्येक माणसाला आम्ही कंपनीच्या नावाचा मेल आयडी काढून दिला आहे. त्या आयडीने आलेल्याला मीट थेट आत घेते. पण बैठकीची लिंक फिरली व्हॉट्सॲप ग्रुपवर. लोकांनी ती मोबाइलवर पर्सनल जीमेलने उघडली, म्हणजे मीटच्या लेखी ते परके. ते बसले परवानगी मागत, आणि परवानगी देणारे साहेब प्रेझेंटेशन पूर्ण स्क्रीनवर लावून आकडे समजावत होते. मागच्या टॅबमध्ये कोण दार वाजवतेय ते त्यांना दिसणार कसे? दार सगळ्यांना उघडे ठेवायची सेटिंगही आहे. पण जिथे दर आणि ऑर्डरींची चर्चा होते, तिथे ती लावायला माझा हात धजत नाही. त्यापेक्षा कॅलेंडरमध्ये बैठक टाकताना पाहुण्यांच्या यादीत प्रत्येकाचा आयडी घाला. कोणाला पर्सनल जीमेलच हवा असेल तर तोही यादीत चालतो; फक्त येताना त्याच आयडीने यायचे.

आवाज घुमला त्यात हॉलच्या माइकचा दोष नाही. हॉलचा स्पीकर चालू असताना तिथेच बसलेल्या दोघातिघांनी लॅपटॉपवरूनही मीटिंग जॉइन केली, मग एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये. हॉलमधल्यांनी ‘कंपॅनियन मोड’ने यावे. त्यात लॅपटॉपचा माइक-स्पीकर बंदच राहतो. चॅट करता येते, हातही वर करता येतो.

आता रेकॉर्डिंग. गूगल वर्कस्पेस, म्हणजे कंपन्यांसाठीची गूगलची पैसे भरून घ्यायची सेवा, तिच्या बिझनेस स्टार्टर प्लॅनमध्ये रेकॉर्डिंग नसतेच. कोटेशनमध्ये स्टार्टर आणि स्टँडर्ड दोन्हींचे दर होते, ‘रेकॉर्डिंगसह’ हे स्टँडर्डपुढे लिहिले होते. तुम्ही स्वस्तातला घेतलात, त्यात गैर काही नाही. आम्हीही बडोदेकरच.

राहिले फुकटचे. साध्या जीमेलवरची मीट तीन किंवा जास्त माणसे असली की 60 मिनिटांत संपते. तुमची बैठक, तुम्हीच लिहिलेत, अडीच तास चालली. शिवाय नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पर्सनल आयडी तुम्हाला बंद करता येत नाही, कंपनीचा जागच्या जागी करता येतो. पैसे घेतले ते या मांडणीचे, हॉलच्या फिटिंगचे आणि ट्रेनिंगचे.

ट्रेनिंगला हलोलहून कोणी आले नव्हते, तिकडे ऑडिट चालू होते म्हणे. पुढच्या बैठकीआधी आमचा माणूस प्लांटवरच पाठवतो, वेगळे पैसे नाहीत. शिफ्ट बदलायची वेळ तेवढी कळवा, म्हणजे दोन्ही शिफ्टची माणसे एकदम भेटतील.