ती फक्त उचलली जात नाही

तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. आधी दोनदा आला तेव्हा सोडून दिला, पण परवा माझ्या भाचीने तो वाचला आणि ती रोज संध्याकाळी रोलर स्केट्स घेऊन क्लासला जाते, तिने मला विचारलं की मावशी, खरंच असं असतं का गं? म्हणून लिहितेय. मेसेज थोडक्यात असा: "पेअर फिगर स्केटिंगमध्ये मेहनत सगळी पुरुषाची, बाईने बारीक राहायचं, हसायचं आणि स्वतःला उचलून घ्यायचं. पंचविशीत करिअर खलास. मेडल हवं तर देश आणि पार्टनर बदलायचा. बाकी मार्क जजेसच्या मर्जीवर."

पेअर म्हणजे बर्फावर एक बाई आणि एक पुरुष जोडीने स्केट करतात तो प्रकार. एकेक घेते.

मेहनत सगळी पुरुषाची म्हणे. थ्रो जंप बघितलाय का कधी नीट? पार्टनर तिला कमरेला धरून वेग देतो आणि सोडतो. सोडतो, हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यानंतर तो काहीच करू शकत नाही. हवेत तीन गिरक्या तिने स्वतः घ्यायच्या, हात छातीशी आवळून, पाय घट्ट जुळवून, आणि खाली यायचं ते एका पायावर, पाठ पुढे करून सरकत, चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर. सिंगल्समधली मुलगी स्वतःच्या पायाच्या जोरावर जेवढी उडते त्यापेक्षा ही जास्त लांब फेकली जाते, म्हणजे घोट्यावर आणि गुडघ्यावर येणारा दणकाही तेवढाच मोठा, आणि हे एकदा नाही तर वर्षानुवर्षं प्रॅक्टिसमध्ये. ट्विस्टमध्ये तो तिला डोक्यावर फेकतो, ती आडवी राहून तीन वेळा फिरते आणि परत त्याच्या हातात येते, तिने हात चुकीच्या क्षणी उघडले तर कोपर सरळ त्याच्या तोंडावर. साइड-बाय-साइड जंपमध्ये तर कोणी कोणाला हातही लावत नाही, दोघांनी आपापलं उडायचं.

आणि लिफ्ट? गादी उचलून बघा आणि त्याच वजनाची लाकडी फळी उचलून बघा. ती वर गेल्यावर अंग फळीसारखं ताठ ठेवते, त्यातच पोझिशन बदलते, तोल सांभाळते, म्हणून तो एका हातावर तिला घेऊन बर्फावरून फिरू शकतो. त्याचं काम अवघड नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण दहीहंडीत सगळ्यात वर चढलेल्या गोविंदाला आपण कधी म्हणतो का की तू काय नुसता वर गेलास?

ह्याची किंमत काय असते ते रशियाच्या येलेना बेरेझ्नायाचं उदाहरण सांगतं. जानेवारी 1996, लाटव्हियातलं रिगा. ती तेव्हाच्या पार्टनरबरोबर, ओलेग श्ल्याखोवबरोबर, कॅमल स्पिनची प्रॅक्टिस करत होती. त्यात दोघं शेजारी शेजारी एक पाय मागे आडवा ताणून फिरतात. अंतर कमी पडलं आणि त्याच्या स्केटचं पातं तिच्या डोक्यात घुसलं. कवटी फुटली, ऑपरेशन झालं, बोलणं गेलं, बोलायला आणि चालायला पुन्हा शिकावं लागलं. डोक्यावर हेल्मेट नसतंच ह्या खेळात. आणि ती बाई पुन्हा बर्फावर उतरली, अँटोन सिखारुलिद्झेबरोबर, 1998 ला नागानो ऑलिम्पिकमध्ये सिल्व्हर आणि 2002 ला सॉल्ट लेक सिटीत गोल्ड. पुन्हा तोच स्पिन, पुन्हा शेजारी फिरणारं कुणाचं तरी पातं. बारीक राहायचं आणि हसायचं लिहिणाऱ्याने हे एकदा वाचावं.

आता देश आणि पार्टनर बदलण्याचं, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला कारण हे वाचून लोकांना आठवते ती अल्योना साव्चेन्को. तिची गोष्ट पूर्ण सांगते. युक्रेनमधलं ओबुखीव हे तिचं गाव, वडील वेटलिफ्टर. स्टानिस्लाव मोरोझोवबरोबर 2000 मध्ये ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन, 2002 च्या ऑलिम्पिकमध्ये पंधरावी. ती जोडी तुटली आणि पार्टनर नसला तर पेअर स्केटर घरीच बसते, एकटीने करायचा हा खेळच नाही. म्हणून 2003 मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, ती जर्मनीत केम्निट्झला गेली, रॉबिन शोल्कोवीबरोबर स्केट करायला, कोच इंगो श्टॉयर. नवा देश, नवी भाषा. नागरिकत्व मिळालं 2005 च्या डिसेंबरअखेर, ट्युरिन ऑलिम्पिकच्या तोंडावर, आणि तिथे नंबर आला सहावा. मेडल "मिळालं" कुठे लगेच? त्यानंतर पाच वर्ल्ड टायटल, 2008, 2009, 2011, 2012, 2014. ऑलिम्पिकला मात्र व्हँकुव्हरला ब्राँझ आणि सोचीला परत ब्राँझ. सोचीत शेवटी थ्रो ट्रिपल अॅक्सल (साडेतीन गिरक्यांचा थ्रो) करायला गेली आणि पडली, जो बायकांमध्ये फार थोड्यांनी ट्राय केलाय.

शोल्कोवी रिटायर झाला. ती तीस वर्षांची होती, पाच वेळची जगज्जेती, थांबली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. तिने ब्रुनो मासो निवडला, एक फ्रेंच मुलगा ज्याच्या नावावर मोठं काहीच नव्हतं. फ्रान्सच्या फेडरेशनने त्याला लगेच सोडलं नाही, 2014-15 चा पूर्ण सीझन दोघं फक्त प्रॅक्टिस करत बसले, एकही स्पर्धा नाही. मग 2016 ला वर्ल्ड ब्राँझ, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा त्याच थ्रो ट्रिपल अॅक्सलवर पडली आणि घोटा दुखावला, जानेवारीत परत उभी राहून युरोपियनमध्ये सिल्व्हर, 2017 ला वर्ल्ड सिल्व्हर. वर्ल्डला दोन देशांचे पार्टनर चालतात, ऑलिम्पिकला चालत नाहीत, त्यामुळे मासोला जर्मन भाषेची परीक्षा पास होऊन नागरिक व्हावं लागलं, ते जमलं ऑलिम्पिकच्या तीनेक महिने आधी. पार्टनर बदलणं म्हणजे सोपा रस्ता असं ज्याला वाटतं त्याने हा हिशोब मांडावा: टायमिंग, पकड, एकमेकांच्या श्वासाचा अंदाज, सगळं शून्यापासून.

पंचविशीत खलास हे तर वरच्याच गोष्टीत खोटं पडलं, पण अजून एक नाव सांगते. 2000 च्या ज्या ज्युनियर वर्ल्डमध्ये अल्योना पेअर्स जिंकली त्याच स्पर्धेत सिंगल्समध्ये दुसरी आली होती अमेरिकेची डिॲना स्टेलाटो. दुखापतींनी तिने खेळ सोडला, सोळा वर्षं दुसरी नोकरी केली, मग परत आली ते पेअर्समध्ये, आणि 2024 मध्ये माँट्रियलला कॅनडाकडून मॅक्सिम देशाँबरोबर वर्ल्ड चॅम्पियन झाली. वय 40.

राहिले जज. इथे मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी मान्य करते. 2002 ला सॉल्ट लेकला पेअर्समध्येच तो कुप्रसिद्ध घोळ झाला, फ्रेंच जजवर दबाव होता हे बाहेर आलं आणि बेरेझ्नायाच्या जोडीबरोबरच कॅनडाच्या सले-पेल्तिए ह्या जोडीलाही गोल्ड द्यावं लागलं. पण त्यानंतर जुनी सहा मार्कांची पद्धतच गेली. आता प्रत्येक एलिमेंटची, म्हणजे जंप, स्पिन, लिफ्ट ह्यांची, ठरलेली किंमत असते, टेक्निकल पॅनेल व्हिडिओ थांबवून गिरक्या मोजतं, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क काढून टाकतात. मतभेद आजही होतात, माझेही होतात, पण मर्जी आणि हे एक नाही.

आता परत अल्योना आणि मासोकडे. प्योंगचांग ऑलिम्पिक, फेब्रुवारी 2018. शॉर्ट प्रोग्राममध्ये, म्हणजे दोनपैकी पहिल्या फेरीत, मासोने ट्रिपल सॅल्को जंपच्या जागी डबल केला, तीनऐवजी दोनच गिरक्या, आणि जोडी चौथी, 76.59, पहिल्या नंबरच्या सुई वेनजिंग आणि हान त्सोंगपेक्षा जवळजवळ सहा मार्क मागे. (मेहनत सगळी पुरुषाची ना? त्या दिवशी ट्रिपल पूर्ण केला होता तो तिने. मासोला दोष देत नाहीये, एवढ्या दडपणाखाली कोणाचंही होईल.) दुसऱ्या दिवशी फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या फेरीत, 159.31, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. एकूण 235.90. चिनी जोडीचे 235.47. फरक 0.43, म्हणजे एका लँडिंगला हात टेकला असता तरी गेलं असतं. तिचं पाचवं ऑलिम्पिक, वय 34, पहिलं गोल्ड.

तो फ्री स्केट मी भाचीला दाखवला. ती गप्प बसून बघत होती. थ्रो आला तसा तिने फोन माझ्या हातातून घेतला, तीनदा मागे नेला, आणि तो सोडतो त्या जागेपासून ती उतरते त्या जागेपर्यंत स्क्रीनवर बोट ओढत म्हणाली, मावशी, तो बघ ना किती लांब राहिला.