कुठल्या मिनिटापासून ऐकू?

आज सकाळी मी २०२४ मधल्या माझ्या आवडत्या मेटल आणि प्रायोगिक रॉक अल्बमची यादी घरच्या ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत मावसभावाचे उत्तर आले, "ताई, एवढं सगळं ऐकायला वेळ कुणाला आहे? प्रत्येकातलं चांगलं कुठल्या मिनिटापासून आहे ते लिही, तेवढं ऐकतो." त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या एका वाक्याने मी दिवसभर धुमसते आहे, आणि ते इथे लिहिते आहे, कारण हे काय दुखणे आहे ते तुम्हा मेटल ऐकणाऱ्या मंडळींना मुळापासून समजावून सांगावे लागत नाही.

हाच माझा भाऊ दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला शाल आणि डबा घेऊन जातो. विलंबित ख्यालात गायक पहिली वीस मिनिटे एकेक स्वर उलगडत असतो तेव्हा हा डोळे मिटून बसतो, आणि मागे कुणी कुजबुजले तर वळून बघतो. ताना कुठल्या मिनिटाला सुरू होतात, तेवढ्यापुरता येतो, असे त्याने तिथे कधी कुणाला विचारले आहे का? मग माझ्या संगीताच्या वाट्यालाच हा हिशेब का? ज्या संयमाला तिथे रसिकता म्हणतात, तोच संयम इथे मागितला की वेळ नसतो.

त्याला उत्तर द्यायला बसले तेव्हा मला ऑक्टोबरमधली ती रात्र आठवली. डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशन या बँडचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' हा अल्बम ४ ऑक्टोबरला आला. आदल्या दिवशी घटस्थापना झाली होती, आमच्या सोसायटीच्या आवारात गरब्याचे भोंगे लागले होते आणि खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. आईचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. त्या आवाजात तिच्या कानातले मशीन शिट्ट्या मारू लागते, म्हणून तिने ते काढून डबीत ठेवले होते आणि ती माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर नुसतीच बसली होती. मी हेडफोन लावून ऐकत होते. "काय ऐकतेस?" असे तिने खुणेने विचारले. का कोण जाणे, मी अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला, आवाज वाढवला आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

या अल्बममध्ये दोनच रचना आहेत, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येकी वीस मिनिटांच्या आणि त्याहून थोड्या लांब, प्रत्येकीचे तीन भाग. ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत झाले, जिथे १९७७ मध्ये गायक डेव्हिड बोवीने 'हीरोज' हा अल्बम केला होता. पहिल्या रचनेच्या मधल्या भागात टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग सिंथेसायझर वाजवतो. डेथ मेटलची, म्हणजे गुरगुरता आवाज आणि अंगावर येणारे ढोल यांची, ती गिरणी हळूहळू थांबते, नुसते तरंगणारे सूर उरतात, आणि जे परत येणार आहे त्याची चाहूल त्या शांततेतच भरत जाते. आता मला सांगा, यातले कुठले मिनिट भावाला कापून पाठवू? शांततेचे पाठवले तर त्याला ते स्पा-मधले संगीत वाटेल, गर्जनेचे पाठवले तर गोंगाट वाटेल. दोन्ही वेळा तो चूक ठरणार नाही, आणि दोन्ही वेळा त्याने काहीच ऐकलेले नसेल.

ओपेथ या स्वीडिश बँडच्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'बद्दल तर हा प्रश्न विचारणेच मला अपमानास्पद वाटते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातल्या एका श्रीमंत घरात बापाचे मृत्युपत्र वाचले जात आहे आणि मुले ऐकत बसली आहेत, अशी ही कथा आहे. पहिल्या सात गाण्यांना नावे नाहीत, कायद्याच्या कागदावर असतात तसे नुसते कलमांचे क्रमांक आहेत. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्टने अल्बममध्ये पहिल्यांदाच पुन्हा तो खर्जातला गुरगुरणारा आवाज लावला आहे, जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन निवेदन करतो आणि बासरीही वाजवतो. शेवटच्या गाण्याला मात्र नाव आहे, आणि त्यात एक पत्र येते, जे आधीचे सगळे उलटेपालटे करून टाकते. आपल्याकडे वाटणीचे कागद वाचले जात असताना चौथ्या कलमाला येऊन बसणारा आणि सातव्याला उठून जाणारा वारस कुणी पाहिला आहे का?

'द स्टारगेट' ऐकत बसलेल्या आईबद्दल पुढे सांगते. उतारवयात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, खालचे उशिरापर्यंत टिकतात. त्यामुळे असेल, पण ते ढोल आणि गायकाचा खर्जातला आवाज तिला थेट पोहोचला. तिने डोळे मोठे केले आणि स्वतःला ऐकू येत नसल्याने जरा मोठ्यानेच विचारले, "हा माणूस एवढा का चिडलाय गं? घसा नाही का दुखत त्याचा?" मी हेडफोन काढायला हात पुढे केला, तर तिने माझा हात धरून बाजूला केला.

हे लिहिताना राग थोडा उतरला आहे, कारण आता मला स्टीव्ह अल्बिनी या अमेरिकन गिटारवादक आणि ध्वनिमुद्रकाबद्दल लिहायचे आहे. ७ मे रोजी शिकागोत हृदयविकाराने तो गेला. वय ६१. त्याच्या शेलॅक या बँडचा 'टू ऑल ट्रेन्स' आधीच जाहीर झालेला होता, तो दहा दिवसांनी आला. तब्बल दहा वर्षांनी आलेला अल्बम, आणि लांबी अवघी अठ्ठावीस मिनिटे. ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान एवढा तरी ऐकावा. निर्वाणा या बँडचा 'इन युटेरो' हा अल्बम त्यानेच ध्वनिमुद्रित केला, पण त्याच्या विक्रीतला वाटा घ्यायला या माणसाने नकार दिला होता. नळ दुरुस्त करणाऱ्याला मिळते तशी कामाची मजुरी मिळावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. तो स्वतःला निर्माताही म्हणवून घेत नसे. बँड खोलीत जसा वाजतो तसा तो टेपवर उतरवला की आपले काम झाले, असे तो मानत आला. या अल्बमचे शेवटचे गाणे 'आय डोन्ट फिअर हेल' हे आहे. ते मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा लोकलमध्ये दाराशी उभी होते, आणि ते संपल्यावर पुढचे काहीही लावावेसे वाटले नाही. ते गाणे शेवटी येते म्हणूनच ते तसे लागते. यादीतून उचलून सकाळी चहाबरोबर लावले, तर ते फक्त एक रांगडे गाणे आहे.

गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या माँट्रियलच्या बँडचा अल्बमही ४ ऑक्टोबरलाच आला. त्याला नाव म्हणून एक तारीख आणि एक आकडा दिला आहे, १३ फेब्रुवारी २०२४, २८,३४० मृत. त्या दिवसापर्यंत गाझात मारल्या गेलेल्या माणसांची ती संख्या. अल्बम हातात येईपर्यंत ती कितीतरी पुढे गेली होती. या संगीतात शब्द जवळजवळ नाहीतच. गिटारी आणि व्हायोलिन एकमेकांवर चढत जातात, कोसळतात आणि पुन्हा उभी राहतात. यातली चांगली मिनिटे कोणती, असे विचारायला जीभ कशी रेटते? मला ठाऊक आहे, भावाने अल्बमचे नावसुद्धा नीट वाचले नसेल. राग त्याचाच तर येतो. नाव वाचायलाही अर्धे मिनिट लागते, आणि आपण तेवढेही द्यायला तयार नाही.

सगळेच लांबलचक अल्बम तेवढ्या लांबीला पात्र असतात असे मात्र नाही, हे मान्य करते. सुमॅक या बँडचा 'द हीलर' चार रचनांमध्ये शहात्तर मिनिटे चालतो, आणि त्यातली काही मिनिटे माझ्याच्यानेही रेटवली नाहीत. नोकरी, घर आणि आजारपणे सांभाळणाऱ्या माणसाला रोज तासभर मोकळा मिळत नाही, हेही खरे. पण मी वर्षाला दहा-बारा तास मागते आहे, आणि तेवढे तर प्रत्येकाचे लिफ्टची वाट बघण्यात जातात.

यादीतले बाकीचे थोडक्यात सांगते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या अल्सरेट या बँडचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' पावसाळ्यात रोज ऐकला. तिघेच जण वाजवतात, पण त्यांचा ड्रमर एकटाच चार माणसांचे काम करतो. फिनलंडच्या ओरान्सी पाझुझूचा 'मूनटाउतुया' रात्री एकटीने ऐकवत नाही, ही त्याची स्तुती आहे. ओक्लाहोमा सिटीच्या चॅट पाइलचा 'कूल वर्ल्ड' आणि लुइझियानाच्या थाऊचा 'अंबिलिकल' हे दोन्ही वाईट दिवसांसाठी राखून ठेवले आहेत. आणि ज्युडास प्रीस्टच्या 'इन्व्हिन्सिबल शील्ड'मध्ये बहात्तराव्या वर्षी त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड ज्या उंचीवर आवाज नेतो, ते ऐकून मी खरोखर उभी राहिले. हा एक अल्बम असा आहे, की ज्यातली सुटी गाणी उचलली तरी फारसे बिघडत नाही. भावा, तू इथून सुरुवात कर.

त्या रात्री 'द स्टारगेट'चा मधला, शांत भाग सुरू झाला तेव्हा आईचा चेहरा मोकळा झाला. शाळेत असताना ती दोन वर्षे पेटी शिकली होती. तिची बोटे गुडघ्यावर हलत होती, आधी चुकत चुकत, मग बरोबर. आतले सगळे शांत झाले आहे हे मला अल्बमच्या ओळखीने कळत होते, बाहेर गरबा चालूच होता. हे तिला कंटाळवाणे होत असेल असे वाटून मी पुढे सरकवण्यासाठी फोन उचलला. डोळे न उघडता ती म्हणाली, "थांब, हात लावू नकोस. तो परत येणार आहे."

तो परत आला. तिने मान डोलावली, समेवर येताना डोलावतात तशी.

'द स्टारगेट' संपल्यावर तिने हेडफोन काढला, केस सारखे केले आणि अजून आहे का, असे विचारले. तेवढेच आणखी आहे, असे मी सांगितले, तर म्हणाली, आता जेवू या, ते मग ऐकू. मग दिवाळी आली, तिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आणि ते राहूनच गेले. आज भावाचा तो निरोप तिला वाचून दाखवला. ती त्यावर काहीच बोलली नाही. जेवण झाल्यावर मशीन डबीत ठेवले, माझ्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली, "तो दुसरा भाग राहिलाय ना गं आपला?"

हेडफोन चार्जिंगला लावला आहे. पोस्ट इथेच थांबवते, ती वाट बघते आहे.