फातोर्ड्याचा मूड फक्त गोलफलक ठरवतो का?

इंडियन सुपर लीगमध्ये खेळणाऱ्या एफसी गोवाचा एखादा सामना हातचा गेला की गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. फातोर्ड्याच्या, म्हणजे संघाच्या मडगावातील मैदानावरच्या, घरच्या प्रेक्षकांचा मूड केवळ निकाल ठरवतो, प्रशिक्षकाचा त्यात काडीचाही वाटा नसतो, हा त्याचा गाभा. पुढे दाखले येतात: संघाचा पहिला प्रशिक्षक, ब्राझीलचा ख्यातनाम खेळाडू झिको याच्या वेळची गर्दी त्याच्या नावाला होती, प्रशिक्षणाला नव्हे; २०२० मध्ये ऐन हंगामात प्रशिक्षक बदलला तरी साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला मिळणारी लीग विनर्स शिल्ड आलीच; दोन वर्षांत सामान बांधून निघून जाणारा, कोकणी-मराठी न येणारा परदेशी माणूस इथल्या लोकांच्या मनाशी काय नाते जोडणार; आणि शेवटी, संघ मागे पडला की गॅलरीतल्या खुर्च्या रिकाम्या होतात, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? मजकूर चटपटीत आहे, म्हणून वाचणारा तो लगेच पुढे पाठवतो. त्यातला काही भाग खराही आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

निकालाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सारे त्याच्याच आधाराने उभे आहेत. निकालच सर्व ठरवत असता, तर जिंकलेल्या संघाची त्याच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्याचे उदाहरण सापडता कामा नये. ते सापडते. २६ मार्च २०१४ रोजी इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबने आपल्या मैदानावर हल सिटीला २-१ असे हरवले. हलचा संघ बराच वेळ दहा खेळाडूंनिशी खेळत होता, तरी वेस्ट हॅम अडखळत, चेंडू नुसता लांब भिरकावत जिंकला, आणि शेवटची शिट्टी वाजताच घरच्या गॅलरीतून निषेधाचा आवाज उठला. व्यवस्थापक (तिकडे मुख्य प्रशिक्षकाला असेच म्हणतात) सॅम अॅलर्डाइस यांनी ऐकू न आल्यासारखा कानाशी हात नेला, ते दृश्य पुढे कित्येक दिवस चर्चेत राहिले. त्या संध्याकाळी लोक निकालावर चिडले नव्हते. आपला क्लब कसा खेळावा याविषयी त्यांची एक कल्पना होती, तिच्याशी त्या माणसाचे जमत नव्हते.

चेल्सीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये राफाएल बेनिटेझ तेथे हंगामी व्यवस्थापक म्हणून आले, आणि त्यांच्या हाताखाली संघाने एकही सामना गमावलेला नसताना, पहिल्याच दिवशी स्टॅमफर्ड ब्रिज या घरच्या मैदानावर त्यांच्या नावाने शिमगा झाला. ते पूर्वी लिव्हरपूलचे व्यवस्थापक होते, आणि सहा महिन्यांपूर्वी चॅम्पियन्स लीग जिंकून देणाऱ्या रॉबेर्टो दी मात्तेओ यांच्या जागी आले होते, हा त्यांचा गुन्हा. हंगामाअखेर संघ लीगमध्ये तिसरा आला, मे २०१३ मध्ये युरोपा लीगही जिंकला. तरीही बेनिटेझ यांना त्या गॅलरीचे प्रेम शेवटपर्यंत मिळाले नाही. उलट बाजूला लीड्सचे मार्सेलो बिएल्सा आहेत. फेब्रुवारी २०२२ या एका महिन्यात त्यांच्या संघाने २० गोल खाल्ले, अखेरचा सामना टॉटनहॅमविरुद्ध घरच्या मैदानावर ०-४ असा गेला, आणि त्या पराभवातही प्रेक्षक त्यांच्याच नावाचा घोष करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना काढण्यात आले.

इंग्लंडचे राहू द्या, ते आपले मैदान नव्हे, असे कोणी म्हणेल. मग आपल्याच अंगणात पाहू. आर्मांद कुलासो यांच्या हाताखाली धेंपो स्पोर्ट्स क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात राष्ट्रीय पातळीवरचे लीग विजेतेपद पाच वेळा मिळवले. ज्यांनी ते सामने पाहिले त्यांना आठवत असेल की विजेत्या धेंपोच्या खेळालाही फातोर्ड्याच्या गॅलरीत मोजकीच माणसे असत. निकाल हाच निकष, तर त्या वर्षांत स्टेडियम ओसंडून वाहायला हवे होते. हा दाखला माझ्याही अंगावर येतो, हे मान्य करतो: कुलासो हे इथलेच, लोकांना ठाऊक असलेले प्रशिक्षक होते, तरी त्यांच्या नावाने गर्दी झाली नाही. तेव्हा गर्दी जमवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे असा माझा दावा नाही. जमलेली गर्दी कशाची वाट पाहते, काय माफ करते आणि कशावर चिडते, एवढ्यापुरताच त्याचा अंमल चालतो. पण तो अंमल लहान नाही.

झिकोचा मुद्दा लवकर संपतो. गर्दी त्याच्या नावाला होती असे म्हणताच, मूड केवळ निकालाने ठरतो हे पहिले विधान मजकूर स्वतःच खोडून काढतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

आता २०२०. या दाखल्यावर मजकूर लिहिणाऱ्याचा सर्वाधिक भर असतो, आणि वरवर पाहता तो बिनतोडही वाटतो. सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये आले. संघ गुणतक्त्यात अग्रभागी आणि साखळीचे तीन सामने शिल्लक असताना क्लबने त्यांना निरोप दिला, आणि आपल्या क्लिफर्ड मिरांडाने धुरा हाती घेतली. पुढे हैदराबाद ४-१, मुंबई सिटी ५-२, जमशेदपूर ५-०: तीन सामने, चौदा गोल, शिल्ड, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश, जो त्याआधी कोणत्याही भारतीय क्लबला मिळाला नव्हता. म्हणजे प्रशिक्षकावाचून अडले नाही, असे मजकूर सांगतो.

क्लिफर्डचे श्रेय कमी न करता विचारावेसे वाटते की ते चौदा गोल कोणत्या खेळातून आले? गोलरक्षकापासून आखूड पास देत वर सरकणे, दबाव आला तरी चेंडू न भिरकावणे, बचावपटूंनी मध्यरेषेपर्यंत वर येणे, ही घडी लोबेरांनी जवळजवळ तीन हंगाम घालून बसवली होती. क्लिफर्डने ती न मोडण्याचा शहाणपणा दाखवला. त्या हंगामातील साखळीच्या १८ सामन्यांत संघाने ४६ गोल केले, ते एका पंधरवड्यात शिकवण्यासारखे काम नव्हे. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गॅलरीत झालेला बदल. सुरुवातीच्या दिवसांत आपला बचावपटू स्वतःच्या गोलसमोर आडवा पास देऊ लागला की माझ्या आसपासची माणसे ‘मार रे भायर!’ म्हणून ओरडत. वर्षभराने तीच माणसे गप्प बसून पासची साखळी मोजू लागली होती, आणि कोणी घाबरून चेंडू उंच मारला तर नाराज होत होती. प्रेक्षकांना खेळ वाचायला कोणीतरी शिकवले होते. निकालाच्या आकड्याला ते जमत नाही.

या शिकवणीचे फळ शिल्डनंतरच्या उपांत्य फेरीत दिसले. ही फेरी दोन सामन्यांची, दोन्हींतले गोल मिळून निकाल ठरणारी; चेन्नईत पहिला टप्पा १-४ असा गेला होता. निकालच मूड ठरवतो हे खरे असेल, तर ७ मार्चला फातोर्ड्यात सुतक असायला हवे होते. पण लोक आले ते तीन गोल फेडता येतील अशा हिशेबाने, कारण हा संघ एका सामन्यात चार-पाच गोल करतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. २१ व्या मिनिटाला २-० झाले तेव्हा शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते. शेवटी सामना ४-२ असा जिंकूनही एकूण ५-६ ने आपण बाहेर पडलो. बाहेर पडलेल्या संघासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

याच प्रकरणाचा उत्तरार्ध मजकुरात कधीच नसतो. लोबेरा पुढच्याच हंगामात मुंबई सिटीकडे गेले, आणि मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमूस आणि आपला मंदार राव देसाई हेही मुंबईच्या निळ्या जर्सीत दिसले. त्या हंगामात मुंबईने शिल्ड आणि अंतिम सामन्याच्या विजेत्याला मिळणारा करंडक दोन्ही उचलले, वाटेत उपांत्य फेरीत पेनल्टींवर आपल्यालाच हरवून. प्रशिक्षक हा येणारा-जाणारा पाहुणा असेल, तर घरातली चार माणसे पाहुण्याच्या मागोमाग कशी गेली, याचे उत्तर मजकूर लिहिणाऱ्याने द्यावे.

भाषेचा मुद्दाही याच ओघात येतो. बिएल्सा लीड्समध्ये पत्रकारांशी दुभाष्यामार्फत बोलत असत. तरी त्यांनी आल्या आल्या खेळाडूंना तीन तास कचरा गोळा करायला लावले, कारण एका तिकिटासाठी सामान्य समर्थकाला साधारण तितके तास राबावे लागते, हे वृत्त तेव्हा सर्वत्र छापून आले होते. ते समजायला त्या गावाला दुभाषा लागला नाही. लोबेरांनी पंखावर, म्हणजे मैदानाच्या कडेने पुढे, खेळणाऱ्या मंदारला डावा बचावपटू केले, तेव्हा परदेशी खेळाडू न शोधता आपल्या मुलावर विश्वास टाकला गेला, हेही इथल्या लोकांना भाषांतराशिवाय कळले. तुटण्याची भाषाही तशीच कळते. एफसी गोवाचे नंतरचे प्रशिक्षक हुआन फेर्रांडो यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये ड्युरँड कप जिंकून दिला, आणि डिसेंबरमध्ये, हंगाम ऐन रंगात असताना, करारातील मुक्ततेच्या कलमाआधारे ते एटीके मोहन बागानकडे गेले. करंडक मिळून तीन महिनेही झाले नव्हते, तरी लोक त्यांच्यावर रागावले. विजयाची आठवण ताजी असताना आलेला हा राग मजकुराच्या सिद्धांतात कुठे बसवायचा?

राहिल्या रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ८२ व्या मिनिटाला गोल बसताच लिव्हरपूलचे लोक घरी निघू लागले, आणि नव्यानेच आलेले व्यवस्थापक युर्गेन क्लोप यांनी सामन्यानंतर, त्या क्षणी आपल्याला एकटे वाटले, असे उघड सांगितले. महिनाभराने वेस्ट ब्रॉमविरुद्ध भरपाई वेळेत कशीबशी २-२ बरोबरी झाली, तेव्हा त्यांनी सगळ्या खेळाडूंना हात धरून घरच्या स्टँडसमोर नेले. अनेकांनी त्यांची टिंगल केली, एका बरोबरीचा एवढा सोहळा कशाला म्हणून. पण आधी उठून जाणाऱ्यांना थांबण्याचे कारण देणे, हा त्या कृतीचा रोख होता.

आपल्याकडे हा पुरावा वापरताना जरा जपून राहावे. सामना साडेसातला सुरू होऊन साडेनऊच्या पुढे संपतो, आणि त्या वेळी मडगावहून केपे, सांगे किंवा काणकोणच्या बाजूला जायला बस मिळणे किती कठीण, हे तिकडच्या माणसाला विचारा. २४ एप्रिल २०२४ रोजी मुंबई सिटीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आपण ९० व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होतो, आणि नंतरच्या काही मिनिटांत ३-२ असे हरलो. माझ्या पुढच्या रांगेतले केप्याचे दोघे ८५ व्या मिनिटालाच निघून गेले होते, अगदी खुशीत, जिंकलो म्हणून हात हलवत. तेव्हा गोलफलक आपल्या बाजूने होता.