‘दोन तासांचा पर्यटक’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानावरील आणि पकडलेले बिबटे जेथे ठेवतात त्या तेथील निवारा केंद्रावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : “एवढे मोठे जंगल कुंपणापलीकडे असताना बिबट्यांना जन्मभर डांबणाऱ्या निवारा केंद्राचे गोडवे गाणे दोन तासांच्या पर्यटकालाच जमते.” शनिवार-रविवारच्या गर्दीचा आणि सफारीच्या बसचा बंदिस्त प्राण्यांना त्रास होतो, तसेच उद्यान सोमवारी बंद असते हे मी सांगितले नाही, अशाही आपल्या तक्रारी आहेत. सोमवारचा उल्लेख यायला हवा होता, हे मान्य. तेवढी भर लेखात घातली आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु टोपणनावामागे बसून समोरच्याची लायकी काढायची आणि त्यालाच सडेतोडपणा म्हणायचे, ही रीत मला पटत नाही. दोन तासांचा पर्यटक म्हणे! माझे बालपण बोरिवली पूर्वेला, उद्यानाच्या भिंतीलगत गेले. कान्हेरी लेण्यांचा रस्ता मी वडिलांबरोबर पायी तुडवला आहे, आणि 2004 मध्ये उद्यानाच्या सीमेवर बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे दगावत होती, तेव्हा दिवेलागणीआधीच मुलांना घरात बोलावणाऱ्या आयांच्या हाका या कानांनी ऐकल्या आहेत. आपण तेव्हा कोठे राहत होता, हे विचारण्याचा मोह आवरतो.

आता जंगलात सोडण्याविषयी. कुंपणापलीकडचे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल रिकामे पडलेले नाही. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) मोजणीत उद्यान आणि लगतच्या परिसरात 35 बिबटे आढळले होते, आणि बिबट्या आपली हद्द राखून राहणारा प्राणी आहे. बाहेरचा नर तेथे आणून सोडला, तर त्याने जायचे कोठे? जुन्नरचे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले, तेव्हा सोडल्या ठिकाणांजवळच माणसांवर हल्ले सुरू झाल्याचे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसून आले. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला 2009 मध्ये माळशेज घाटात सोडले, गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर होती म्हणून कळले, की तेथे न थांबता तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या वेशीवर आला. त्याने वाटेत कोणाला इजा केली नाही, हेही खरे, आणि आपण तेच माझ्यावर उलटवाल याची मला खात्री आहे. पण तो धडधाकट होता. वन विभागाच्या परवानगीने केंद्रातला जो नर मी जवळून पाहिला, त्याचे वरचे दोन्ही सुळे हिरडीलगत तुटलेले होते. सापळ्याचे गज चावताना बिबट्यांचे सुळे असे तुटतात. त्याच्यापुढे मांस तुकडे करून टाकले, तरी एकेक तुकडा तो मान वाकडी करून दाढेखाली नेत होता आणि मध्येच खाली पाडत होता. याला जंगलात सोडा, असे आपल्याला म्हणायचे असेल, तर तो तेथे काय धरून खाईल हेही लिहा. वस्तीतला कुत्रा, की त्याहून सोपे काही?

आणि हो, ‘गोडवे’ मी कोठेही गायलेले नाहीत. लेख पुन्हा वाचण्याची तसदी तुम्ही घ्याल असे वाटत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

राहता राहिली गर्दी आणि बस. त्याबद्दल वन विभागाला लिहा. सफारीची बस मी चालवत नाही.